रात्रपाळीत औषध कोणी ठरवायचं? परिचारिकेच्या अधिकाराची कायदेशीर हद्द

प्रश्न असा आला आहे: "मी जीएनएम, म्हणजे परिचर्येचा डिप्लोमा केलेली नर्स, आहे. तालुक्याच्या गावी २० खाटांच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स म्हणून काम करते. रात्री डॉक्टर घरी असतात. ते फोनवर सांगतात, ते आम्ही देतो. कधी फोन लागत नाही. मग ताप, उलटी, दुखणं बघून नेहमीचं इंजेक्शन आम्हीच देतो आणि सकाळी डॉक्टर पेपरवर सही करतात. हे कायद्याने चालतं का? काही झालं तर जबाबदार कोण? माझी मैत्रीण सरकारी आरोग्य उपकेंद्रात आहे, ती तर स्वतःच औषधं देते, तिला कसं चालतं? शिवाय शेजारपाजारचे लोक सलाईन लावायला घरी बोलावतात. जावं का?"

आधी सरळ उत्तर देते. डॉक्टरांनी फोनवर ठरवलं, तुम्ही ते नीट ऐकून, त्याच वेळी लिहून दिलं, तर त्याचा बचाव करता येतो. फोन लागला नाही म्हणून तुम्ही औषध निवडलंत आणि टोचलंत, तर त्याला कायद्यात आधार नाही. सकाळच्या सहीने तो आधार तयार होत नाही. रात्री न दिलेली ऑर्डर दिली होती असं दाखवणारा कागद मात्र तयार होतो, आणि चौकशीत तोच कागद डॉक्टर आणि सिस्टर दोघांच्या विरोधात जातो.

"परिचारिकेने औषध लिहू नये" असं एका ओळीत सांगणारं कलम शोधत बसलात तर हाती लागणार नाही. ही हद्द वेगवेगळ्या कायद्यांनी मिळून आखली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालची नियमावली १९४५ ची. त्या नियमावलीनुसार अनुसूची एच, एच-१ आणि एक्स या याद्यांतली औषधं नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या सहीच्या, तारखेच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. वैद्यकीय व्यवसायी कोण, याची व्याख्या त्याच नियमावलीत आहे आणि परिचारिका तिच्यात बसत नाही. हे नियम मुळात विक्री आणि पुरवठ्याचे आहेत, हे खरं. वॉर्डातल्या ट्रेमधून इंजेक्शन उचलून देण्याबद्दल ते थेट बोलत नाहीत. पण रुग्णाला काय झालंय हे ठरवून त्यावर औषध निवडणं म्हणजे वैद्यकीय व्यवसाय करणं. तिथे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ चं कलम ३४ लागतं. नोंदणी नसताना डॉक्टर म्हणून व्यवसाय केल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यवसायी अधिनियमही आहेच. आणि तुमची स्वतःची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या अधिनियम १९६६ खालची. ती परिचर्येचा अधिकार देते, निदान करण्याचा देत नाही.

न्यायालयं याकडे कसं बघतात, हे १९९६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून कळतं. मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली आणि तो रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा मागायची गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तो माणूस निदान एका शाखेचा नोंदणीकृत डॉक्टर तरी होता.

आता तुमच्या "नेहमीच्या इंजेक्शन"कडे येते, कारण सगळा धोका त्या "नेहमीच्या" शब्दात आहे. पावसाळा संपत आला की वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरतो. रात्री दोनला ताप १०३, अंग दुखतंय, नातेवाईक काउंटरवर येऊन उभे राहतात. हात आपोआप डायक्लोफिनॅककडे जातो. त्या रुग्णाला डेंग्यू असेल आणि प्लेटलेट उतरल्या असतील, तर डायक्लोफिनॅकने रक्तस्रावाचा धोका वाढतो. कमरेत टोचलं तर तिथेच रक्त साचतं. किडनीचा त्रास असेल तर लघवी कमी होते. दम्याच्या काही रुग्णांना त्यानेच दम लागतो. दहा जणांना दिलं, काही झालं नाही, म्हणून अकराव्यालाही चालेल असं होत नाही. डॉक्टर फोनवर "प्लेटलेट किती? क्रिएटिनिन केलंय का? लघवी झाली का?" असं विचारतात ना, ते विचारणं म्हणजेच औषध लिहिणं. चिठ्ठी म्हणजे त्या विचाराची शेवटची ओळ.

दिल्लीच्या स्प्रिंग मीडोज हॉस्पिटलचा खटला मी प्रत्येक बॅचला शिकवते. डिसेंबर १९९३ मध्ये एका लहान मुलाला टायफॉइडसाठी दाखल केलं होतं. सिस्टरने वडिलांना लॅरियागो, म्हणजे क्लोरोक्विनचं इंजेक्शन आणायला सांगितलं आणि ते शिरेतून दिलं. मूल तिथेच कोसळलं, हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन निवासी डॉक्टरने स्वतः द्यावं अशी वरिष्ठांची सूचना होती, तरी ते काम सिस्टरवर सोडलं गेलं होतं. ती तर कुठल्याही परिषदेकडे नोंदणीकृत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मानसिक यातनांसाठी ५ लाख ही भरपाई कायम केली. या एका प्रकरणात किती साखळ्या तुटल्या ते बघा. लिहिलेलं औषध आणि आणलेलं औषध पडताळलं गेलं नाही, मार्ग आणि वेग तपासला गेला नाही, देणारीची पात्रता तपासली गेली नाही, आणि ज्याने द्यायचं तो बाजूला राहिला.

भरपाई हॉस्पिटलने दिली म्हणजे सिस्टर सुटली, असं समजू नका. ग्राहक आयोगात मालक म्हणून हॉस्पिटल जबाबदार धरलं जातं. फौजदारी गुन्हा मात्र ज्याच्या त्याच्या नावावर असतो. इथे एक बदल झालाय, तो आपल्या क्षेत्रात फार थोड्या जणींना माहीत आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर सर्वांनाच जास्तीत जास्त २ वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये ही मर्यादा ५ वर्षं केली आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असं घडलं तर २ वर्षांपर्यंतच, अशी सवलत ठेवली आहे. ती सवलत कोणाला, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य असलेली वैद्यकीय पात्रता आणि नोंदणी असलेल्यांना. परिचारिका त्यात नाहीत. म्हणजे एकाच रात्री, एकाच रुग्णाच्या बाबतीत, डॉक्टरला लागू होणारी कमाल शिक्षा २ वर्षं आणि सिस्टरला ५. हा मला अन्याय वाटतो आणि परिचारिकांच्या संघटनांनी तो जोरात मांडायला हवा. पण तो बदलेपर्यंत रात्रपाळीतल्या प्रत्येकीने हे जाणून काम केलं पाहिजे.

फोनवरची ऑर्डर कशी घ्यायची ते सांगते, कारण लहान हॉस्पिटलमध्ये ती टळणार नाही. फोन करण्याआधी रुग्णाचे पेपर हातात घ्या: नाव, वय, वजन, निदान, ॲलर्जी, आत्ताचे बीपी, नाडी, तापमान, ऑक्सिजन, शेवटचे रिपोर्ट, चालू औषधं. डॉक्टरांनी औषध सांगितलं की नाव, मात्रा, मार्ग, किती वेळात द्यायचं आणि किती तासांनी परत, हे जसंच्या तसं त्यांना वाचून दाखवा. "फिफ्टी" आणि "फिफ्टीन" फोनवर सारखे ऐकू येतात, म्हणून "पाच-शून्य" आणि "एक-पाच" असं बोला. शक्य असेल तर दुसऱ्या सिस्टरला स्पीकरवर ऐकू द्या आणि दोघींची सही करा. मग ट्रीटमेंट शीटवर वेळ घालून लिहा: फोनवरून ऑर्डर, डॉक्टरांचं नाव, तुमचं नाव. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन, असलेल्या हॉस्पिटलांत अशा तोंडी ऑर्डरसाठी लेखी धोरण असावंच लागतं आणि डॉक्टरांनी ठरलेल्या मुदतीत, साधारण २४ तासांत, सही करायची असते. तुमच्याकडे मानांकन नसलं तरी हीच शिस्त पाळा.

याहून चांगला मार्ग आता सगळ्यांच्या खिशात आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो मेसेजवर पाठवू शकतात. त्या सूचना लिहिताना भरती रुग्ण प्रामुख्याने डोळ्यासमोर नव्हते, तरी घरी बसलेल्या डॉक्टरने दोन ओळी लिहून, सही करून फोटो पाठवायला काय हरकत आहे? मिनिटभराचं काम आहे. तो फोटो वेळेसकट राहतो. अनुसूची एक्स आणि अमली पदार्थ कायद्याखालची औषधं मात्र या मार्गाने लिहिता येत नाहीत.

फोन न लागण्याची तयारी दिवसा करायची असते, संध्याकाळच्या राऊंडला. डॉक्टरांकडून एसओएस, म्हणजे गरज पडल्यास द्यायच्या औषधाची, ऑर्डर आधीच लिहून घ्या. नुसतं "ताप आल्यास इंजेक्शन" असं लिहिलेलं घेऊ नका. कुठलं औषध, किती, कुठल्या मार्गाने, तापमान किती झाल्यावर, दोन मात्रांत किमान किती तास, दिवसात जास्तीत जास्त किती, आणि कशाच्या पुढे गेलं तर फोन करायचाच, एवढं त्यात हवं. इन्शुलिनचा स्लायडिंग स्केल हे याचं उत्तम उदाहरण आहे. साखर इतकी ते इतकी असेल तर इतके युनिट, असं डॉक्टर आधी लिहून ठेवतात. तुम्ही साखर तपासता आणि त्या तक्त्याप्रमाणे देता. निर्णय डॉक्टरांचा, तोही त्या एका रुग्णासाठी घेतलेला. अशी ऑर्डर असेल तर रात्री दोनला तुम्ही औषध निवडत नाही, लिहिलेली अट पूर्ण झाली का एवढंच बघता.

आणीबाणीची गोष्ट वेगळी. रुग्णाचं हृदय थांबलं तर सीपीआर सुरू करायला, श्वासमार्ग मोकळा ठेवायला, ऑक्सिजन लावायला तुम्ही कोणाची वाट बघायची नाही. अँटिबायोटिकनंतर रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिन किती आणि कुठे द्यायचं, हा प्रोटोकॉल डॉक्टरांच्या सहीने क्रॅश ट्रॉलीवर, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या गाडीवर, चिकटवलेला हवा. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला फौजदारी कायद्यात संरक्षण आहे, पण ते खऱ्या आणीबाणीपुरतं. उलटी किंवा कंबरदुखी त्यात मोडत नाही.

आता दुसरी बाजू, जी प्रश्नात आलेली नाही. ऑर्डर लिहिलेली असली म्हणजे तुमची जबाबदारी संपली, असं नाही. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेतून दिलं आणि म्हणालात "डॉक्टरांनी लिहिलं होतं", तर तो बचाव टिकत नाही, कारण ते तसं देत नाहीत हे प्रशिक्षित परिचारिकेला माहीत असायलाच हवं, असं धरलं जातं. मात्रा दहापट वाटली, अक्षर लागलं नाही, ॲलर्जी लिहिलेली असताना तेच औषध आलं, तर थांबा आणि विचारा. विचारूनही समाधान झालं नाही तर "शंका कळवली, वेळ अमुक" असं नर्सिंग नोटमध्ये लिहा आणि वरिष्ठांना कळवा. औषध द्यायचं थांबवून विचारणं हे तुमच्या कामातच येतं. काही डॉक्टर चिडतात. चिडू द्या.

रात्रीच्या आरएमओबद्दलही, म्हणजे निवासी डॉक्टरबद्दलही, एक गोष्ट. आपल्याकडे अनेक ठिकाणी ते बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांना राज्य शासनाच्या आदेशांनी आधुनिक औषधांची मुभा आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम आणला, त्यावरून वाद चालू आहे. तो वाद तुम्ही सोडवायचा नाही. ऑर्डर देणाऱ्याने स्वतःच्या नावाने, नोंदणी क्रमांकासह सही करावी आणि उपचाराची दिशा मुख्य डॉक्टरांनी लिहिलेली असावी, एवढा आग्रह धरा.

मॉर्फिन, फेंटानिल, केटामिन, ट्रॅमाडॉल यांच्या बाबतीत तर अजिबात सैल राहू नका. अमली पदार्थ कायदा १९८५ चा आहे, ट्रॅमाडॉल २०१८ पासून त्याच्या कक्षेत आलं. कुलूप, रजिस्टर, रिकाम्या ॲम्प्युलचा हिशोब, उरलेलं फेकताना दोघांची सही. इथे चुकलेला हिशोब नुसती वॉर्डातली चूक राहत नाही, पोलिसांपर्यंत जाऊ शकतो.

तुमच्या उपकेंद्रातल्या मैत्रिणीचं गणित वेगळं आहे. औषध नियमावलीच्या अनुसूची के मध्ये सूट दिलेल्यांची यादी आहे. शासकीय आरोग्य आणि कुटुंब कल्याण कार्यक्रमाखाली उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या परिचारिका, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), अंगणवाडी सेविका यांनी दिलेल्या औषधांना त्यात जागा आहे. त्यावर केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत. २०१० च्या सूचनांनुसार प्रसूती करणारी एएनएम बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत देते, ते नसेल तर मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम. झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम खोल स्नायूत, देऊन रुग्ण पुढे पाठवते. २०१४ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या कळांसाठी डेक्सामेथासोनची पहिली मात्रा आणि, पुढे नेणं शक्य नसलेल्या परिस्थितीत, आजारी नवजाताला जेंटामायसिन देण्याच्या सूचना आल्या. यामागे मोठा विचार होता. मेळघाटातल्या किंवा धडगावच्या पाड्यावर बाई रक्तस्रावाने जात असताना डॉक्टरच्या सहीची वाट बघणं परवडणारं नाही. म्हणून शासनाने निर्णय आधीच घेऊन ठेवला: कुठलं लक्षण, कुठलं औषध, किती, किती वेळा, मग रेफर. हा अधिकार त्या पदाला, त्या कार्यक्रमाला आणि त्या प्रशिक्षणाला चिकटलेला आहे. तीच मैत्रीण सुट्टीच्या दिवशी गावात सेफ्ट्रिॲक्झोन हे अँटिबायोटिक टोचू लागली तर तिचं संरक्षण तिथेच संपतं. गर्भपाताच्या गोळ्यांना तर ही सूट कुठेच नाही. १९७१ च्या कायद्याने ते काम फक्त पात्र डॉक्टरचं आहे. आरोग्यवर्धिनी केंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगरच्या गोळ्या पुन्हा देतात, त्याही वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू केलेल्या उपचारावर, नाहीतर ई-संजीवनी या सरकारी दूरचिकित्सा सेवेवरच्या डॉक्टरच्या सल्ल्याने.

तुम्हाला खाजगीत हे काहीच नाही, आणि माझ्या मते खरी खोट इथेच आहे. राज्याने रक्तस्राव, झटके, तीव्र ॲलर्जी, साखर एकदम उतरणं अशा मोजक्या प्रसंगांसाठी खाजगी रुग्णालयांतल्या नोंदणीकृत परिचारिकांनाही लेखी, प्रशिक्षणासह अधिकार द्यायला हवा. वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवान्याच्या समुदाय आरोग्य सेवकाची कल्पना आहे, नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रमही निघाले आहेत, आणि १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा आयोग कायदा संमत झाला. पण त्यापैकी कशानेही तुमच्या वॉर्डातल्या जीएनएम सिस्टरला आज चिठ्ठी लिहिता येत नाही. ब्रिटनमध्ये सिस्टर औषधं लिहितात असं ऐकलं असेल. तिथेही नोंदणीनंतर वेगळा अभ्यासक्रम करून नोंदवहीत तशी खूण झालेल्यांनाच ते करता येतं. इथून गेलेल्या आपल्या मुलींनाही तो अभ्यासक्रम करावाच लागतो.

म्हणून हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांशी बोला, एकट्याने नको, सगळ्या सिस्टर मिळून, लेखी. रात्री डॉक्टर उपलब्ध असणं ही त्यांची जबाबदारी आहे. पहिला फोन लागला नाही तर दुसऱ्या कोणाला करायचा, त्याचं नाव भिंतीवर हवं. फोन केल्याच्या वेळा नोटमध्ये लिहा: २.०५, २.१०, २.२०, उत्तर नाही. रात्री न मिळालेल्या ऑर्डरची सकाळी मागची वेळ घालून नोंद करायला कोणी सांगितलं तर नम्रपणे नकार द्या. डिस्चार्जच्या गोळ्या काउंटरमागून बांधून द्यायचं कामही तुमचं नाही. औषध वाटप फार्मसी कायदा १९४८ नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. आणि परिचर्या परिषदेकडच्या तुमच्या नोंदणीचं नूतनीकरण तपासा. ते सुटलं असेल तर वरचं सगळं नीट करूनही तुमची बाजू लंगडी पडते.

राहिले शेजारी. डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आहे, तिच्यावर औषध, मात्रा, दिवस लिहिलेत, आणि पहिली मात्रा दवाखान्यात होऊन त्रास झालेला नाही, तर उरलेली इंजेक्शनं घरी जाऊन द्यायला हरकत नाही. कुठे, कधी, काय दिलं याची वही ठेवा. अँटिबायोटिकची पहिली मात्रा आणि शिरेतून लोह घरी कधीच देऊ नका. चिठ्ठी नसताना "ताकदीची सलाईन" तर नाहीच, मग बोलावणारी तुमची सख्खी काकू का असेना. मात्र नाही म्हणून दार लावून घेऊ नका. बीपी मोजा, साखर तपासा, ओआरएस कसं करायचं ते दाखवा, धोक्याची लक्षणं सांगा, गरज दिसली तर स्वतः १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत रुग्णाजवळ थांबा. यातल्या कशालाही कोणाची चिठ्ठी लागत नाही.